सेहेचाळीस ताडबनी कोट

शेवटच्या कोटाच्या कॉलरमधला शेवटचा धागा मास्तरांनी उपटला, फुंकर मारून उडवला आणि समाधानाने मान डोलावली. सेहेचाळीस पांढरे कोट, सेहेचाळीस धागे. "आता कसं कापड कापडासारखं दिसतंय," ते म्हणाले. ऐकायला त्यांच्या लाँड्रीत कोणी नव्हतं. त्यांची धाकटी मुलगी बटणं आणायला बाजारात गेली होती, आणि ती गेलीय हे बघूनच मास्तरांनी हे काम उरकलं होतं.

मग त्यांनी वरचा कोट मांडीवर ओढला, डोळे मिटले आणि सवयीने बाहीवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काही कळलं नाही. त्यांनी दुसरा कोट ओढला, मग तिसरा. दहाव्या कोटाला कपाळावर घाम आला, विसाव्याला त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसून पुन्हा फिरवला. यातला कुठला कोट कोणाचा, हे आता त्यांनाच काय, कोणालाच सांगता येणार नव्हतं.

हे कळायला आधी आमचं ताडबन कळायला हवं. वस्तीचं नाव ताडबन, पण ताड औषधालासुद्धा नाही. शेवटचा होता तो वादळात पडला. त्याच्याखाली सापडलेली सायकल ताडबन सायकल मार्टवाल्याने अजून छताला टांगून ठेवलीय. झाडं गेली, नाव मात्र फोफावलं. ताडबन चौक, ताडबन सलून, ताडबन हॉस्पिटल, ताडबन हॉटेल, ताडबन शाळा. कोपऱ्यावरच्या दुकानात 'ताडबन छाप' मेणबत्त्या मिळतात, त्या वाकड्या जळतात, तरी आम्ही त्याच घेतो. अभिमान आहे आम्हाला. का नसावा? शेजारच्या वस्त्यांना नुसते नंबर आहेत.

फक्त हॉस्पिटल, हॉटेल आणि शाळा या तिघांत एक जुनी धुसफूस होती. मूळ ताडबन कोण? तिघेही म्हणत, आम्हीच. त्यामुळे कोणीही आपल्या कपड्यांवर 'ताडबन'च्या पुढे एक अक्षर लिहीत नसे. मास्तरांनी एकदा हॉस्पिटलच्या मेट्रनला सुचवून बघितलं होतं, "बाई, चादरीवर पुढे हॉस्पिटल घालून घ्या की. हॉटेलच्या चादरी पण अश्शाच आहेत."

"ज्याला स्वतःबद्दल शंका आहे, त्याने मागे शेपूट लावून घ्यावं," मेट्रन म्हणाल्या. "आम्ही ताडबन. बस्स."

हॉटेलच्या मॅनेजरचं उत्तर हेच होतं, फक्त जास्त गोड आवाजात. शाळेच्या हेडबाईंना विचारायची मास्तरांची छातीच झाली नाही.

तरी चौतीस वर्षांत एक रुमाल इकडचा तिकडे गेला नाही, याचं कारण मास्तरांचा अंगठा. हॉस्पिटलचं कापड उकळून उकळून पिठासारखं होतं, हॉटेलच्या बाह्या ट्रे धरून मनगटाशी झिजतात आणि शाळेच्या कापडात खडू असा मुरतो की सात धुण्यांत निघत नाही. मास्तर डोळे मिटून अंगठा फिरवत आणि सांगत. पाहुणे आले की आधी चहा आणि मग हा कार्यक्रम. मास्तर सुरू झाले की बायको दुकानामागच्या स्वयंपाकघरात निघून जाई, तिने तो हजारदा बघितला होता.

धाकटी अकरा वर्षं त्यांच्याबरोबर लाँड्रीत उभी होती. डाग काढणं, रफू, इस्त्री, सगळं तिच्या हातात होतं. दुकान आपल्याला मिळावं, एवढं एकच तिला हवं होतं, आणि मास्तरांनी तर रविवारी पुतण्याला चाव्या घ्यायला बोलावलं होतं. हा पुतण्या बुटांच्या दुकानात होता आणि स्वतःचा शर्टसुद्धा आईकडून इस्त्री करून घेत असे.

"त्याच्यात काय आहे जे माझ्यात नाही, बाबा?"

"त्याचा अंगठा माझ्यासारखा आहे. आमच्या घराण्याचा."

"माझं घराणं कुठलं मग?"

यावर मास्तर बादलीत काहीतरी शोधायला लागले.

अशात नगरपालिकेने जाहीर केलं की 'मूळ ताडबन' अशी पितळी पाटी लावायचीय, एकच, आणि ती कुठे लावायची हे ठरवायला शुक्रवारी दहा वाजता साहेब येऊन तिन्ही ठिकाणं बघतील. झालं. तिघांनीही गुपचूप चौकातल्या शिंप्याला गाठलं आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना नवे कोरे पांढरे कोट सांगितले. खिशावर हिरवा ताड आणि खाली 'ताडबन', पुढे काही नाही. शाळेत कोट कशाला, असं शिंप्याने विचारलं, तेव्हा "खडू उडतो," असं हेडबाईंनी सांगितलं. शिंप्याला कोट बेतायची एकच पद्धत येत होती. त्याने प्रत्येकाचं माप घेतलं, पण कापड, बेत आणि ताड तिघांनाही सारखाच दिला.

"एकमेकांना कळू देऊ नका, असं तिघांनी सांगितलं होतं," तो नंतर म्हणाला. "मी नाही कळू दिलं. माझं काय चुकलं?"

कोट खळ धुऊन काढायला आणि कडक इस्त्रीला लाँड्रीत आले. हॉस्पिटलचे अठरा, हॉटेलचे सोळा, शाळेचे बारा. धाकटीने बघितलं आणि काही न बोलता प्रत्येक गठ्ठा धुवायच्या आधी कॉलरच्या आतून एकेक टाका घातला. हॉस्पिटल निळा, हॉटेल लाल, शाळा पिवळा. गुरुवारी दुपारी ते मास्तरांना दिसलं आणि त्यांचं डोकं फिरलं. गिऱ्हाइकाच्या कापडाला खूण? आपल्या दुकानात? आपण जिवंत असताना?

म्हणून त्यांनी धागे उपटले. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. अंगठा ओळखायचा तो झिजलेलं कापड. कोऱ्या कोटाची मनगटं झिजली नव्हती, त्यात खडू मुरला नव्हता आणि तो एकदाही उकळला नव्हता.

आता शिंप्याला विचारावं, तर आपल्याच तोंडाने गावभर बोंब मारल्यासारखं. धाकटीला विचारावं, तर त्यापेक्षा हौदात उडी मारलेली बरी. मास्तरांनी कोट मोजले, अठरा, सोळा, बारा असे गठ्ठे बांधले, हातगाडीवर टाकले आणि ती यायच्या आत स्वतः पोचवून आले. आकडा तरी बरोबर होता.

"कोट कुठायत?" धाकटीने आल्या आल्या विचारलं.

"पोचवले."

"तुम्ही एकट्याने?"

"चौतीस वर्षं कोण पोचवत होतं? तुझा मामा?"

"आणि खुणा बघूनच दिलेत ना, बाबा?"

मास्तर पटकन स्टुलावर बसले. धाकटीची नजर स्टुलाखाली गेली. तिथे निळ्या, लाल, पिवळ्या धाग्यांचा एक छोटासा ढीग पडला होता. ती तशीच धावत सुटली. पण तिघांनीही कोट कपाटात कुलूपबंद करून टाकले होते. उद्या सकाळपर्यंत कोणाला दाखवायचेसुद्धा नाहीत, शत्रूला कळलं तर? "अहो, पण ते कोट..." एवढं ती बोलली की समोरून दार लागायचं. ती परत आली, धागे गोळा करून एका डबीत ठेवले आणि बापाला जेवायला वाढलं.

शुक्रवारी साडेनऊला तिन्हीकडे कपाटं उघडली आणि साडेनऊ वाजून पाच मिनिटांनी तिन्हीकडे एकच आरडाओरडा झाला. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर सहा फूट दोन इंच, त्यांच्या वाट्याला आलेला कोट बेंबीपाशी संपत होता. मेट्रनच्या कोटाचं एकही बटण समोरच्या काजापर्यंत पोचत नव्हतं. हॉटेलातला सगळ्यात बारका वेटर कोटात शिरला तो दिसेनासाच झाला, बाह्यांतून फक्त ट्रे बाहेर आला. तिकडे शाळेत भूगोलाच्या बाईंनी कोटाचा घोळ दोन्ही हातांत उचलून धरला होता आणि हेडबाई विचारत होत्या की हा तंबू कोणी मागवला.

"शेजाऱ्यांचा डाव आहे हा," तिघेही एकदम म्हणाले.

मग जो तो आपला कोट शोधायला निघाला. मोठे डॉक्टर रस्ता ओलांडून हॉटेलात शिरले. वेटर हॉस्पिटलात गेले. हॉटेलचा मुख्य आचारी, त्याच्या कोटाचा तंबू बहुधा शाळेत असणार असं कोणीतरी सांगितल्यामुळे, शाळेच्या दिशेने चालू लागला. धाकटी गळ्यात टेप टाकून रस्त्याच्या मधोमध उभी होती, येईल त्याचे खांदे मोजत होती आणि ओरडत होती, "थांबा! एका जागी थांबा! मी आणून देते!" पण ताडबनचा माणूस घाईत असला की थांबत नाही. दहा मिनिटांत तिन्ही इमारतींत तिन्हीकडची माणसं फिरत होती, सगळ्यांच्या अंगात तोच कोट, खिशावर तोच हिरवा ताड. आणि बरोबर दहाला नगरपालिकेचे साहेब आले.

साहेब आधी हॉटेलात बसले. समोरून आखूड कोटातला एक उंच गृहस्थ टेबलाटेबलाखाली वाकून बघत येत होता.

"एक चहा," साहेब म्हणाले. "साखर जास्त."

मोठे डॉक्टर थबकले. त्यांनी साहेबांकडे नीट बघितलं. "जीभ दाखवा."

साहेबांनी गडबडून दाखवली.

"खालची पापणी ओढा. हं. रोज किती होतात?"

"सात-आठ."

"साखर बंद. चहा दोनच. जेवल्यावर चालता का? चालत जा." आणि ते पुढच्या टेबलाखाली वाकले. साहेब भारावून गेले. गिऱ्हाइकाला कमी चहा प्या असं सांगणारं हॉटेल त्यांनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. त्यांनी वहीत तसं लिहिलं आणि चालत हॉस्पिटलात गेले.

तिथे जनरल वॉर्डात तो बारका वेटर आपला कोट कुठे दिसतोय का बघत उभा होता. शेजारच्या खाटेवर एक आजोबा तीन आठवडे पडून होते. वेटरची सवय ती, नजरानजर झाल्याबरोबर तो कमरेत वाकला. "बोला साहेब, काय घेणार? थोडं गरम सूप आणू? उशी नीट करू?"

आजोबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तीन आठवड्यांत मला काय हवंय असं विचारणारा तू पहिला रे बाबा," ते म्हणाले. आणि दोन महिन्यांपासून रुसलेल्या भुकेला जाग येऊन त्यांनी सूप मागितलं, त्यावर पाव मागितला. साहेबांनी वहीचं पान उलटलं.

शाळेत आचारी चुकून पाचवीच्या वर्गात शिरला होता. मुलं उभी राहिली, त्यामुळे त्याला बाहेर पडता येईना. फळ्यावर अपूर्णांक होते. "हे काय अवघड आहे?" तो म्हणाला. एका मुलीच्या डब्यातली पोळी घेऊन त्याने हवेतच तिचे चार भाग केले, मग आठ, आणि दोन अष्टमांश म्हणजे एक चतुर्थांश हे वर्गाला खाऊन दाखवलं. वर्षभर बुबुळं वर करणारी पाचवी टाळ्या वाजवत होती. साहेब दारात उभे होते. ते लिहीत राहिले.

बाराच्या सुमाराला मेट्रन, मॅनेजर आणि हेडबाई तिघेही लाँड्रीच्या दिशेने निघालेले वस्तीने पाहिले. बरोबर साहेब. मागून आम्ही सगळे, म्हणजे सलूनवाला अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकासकट. मास्तरांनी त्यांना येताना पाहिलं आणि इस्त्री बाजूला ठेवली. चौतीस वर्षं. चौतीस वर्षांची अब्रू समोरून चालत येत होती, आणि ती परत कुठल्या वाटेने जाणार हे त्यांना चांगलंच माहीत होतं.

मेट्रनने काउंटरवर हात आपटला. "हे कोट कोणी वाटले?"

मास्तर काउंटरपाशी पुढे झाले. ते तोंड उघडणार एवढ्यात गळ्यात टेप, केस विस्कटलेले, अशी धाकटी आतून पुढे आली.

"मी," ती म्हणाली. "माझी चूक झाली. बाबांचा काही संबंध नाही."

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. एवढंच गप्प राहायचं होतं. चौतीस वर्षं जशीच्या तशी राहिली असती, अंगठ्याला कोणी नाव ठेवलं नसतं, आणि रविवारी पुतण्याला चाव्या देताना कोणी हूं की चूं केलं नसतं. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. ती नवऱ्याकडे बघत होती.

"खबरदार!" मास्तर एवढ्या मोठ्याने ओरडले की हेडबाई दोन पावलं मागे सरल्या. "माझ्या मुलीचं नाव कोणी घ्यायचं नाही! अकरा वर्षांत हिच्या हातून एक रुमाल चुकला नाही. या पोरीने प्रत्येक कोटाला खूण घातली होती. मी उपटली. का? तर माझी मिजास! मला वाटलं, मला काय गरज. आणि कोरं कापड हातात घेतलं तर मला ओ का ठो कळलं नाही. चुकलो मी. वर ते लपवलं, तेही मीच. हिच्या हाताखाली राबलो असतो ना, तर आज हे तोंड दाखवायची पाळी आली नसती. काय बोलायचं ते मला बोला!"

धाकटीचे डोळे भरून आले. आमच्यातल्याही एकदोघांचे आले, खोटं कशाला सांगू. छाती भरून आली होती मास्तरांची, आणि तरी मान मात्र आज दिसली तेवढी ताठ आम्ही कधीच पाहिली नव्हती.

साहेबांनी खाकरून घसा साफ केला. "चूक? अहो, आम्ही अभिनंदन करायला आलोय."

"कसलं?" मास्तर म्हणाले.

"इतकी ठिकाणं तपासली मी. पण जिथे हॉटेलात डॉक्टर, हॉस्पिटलात वेटर आणि शाळेत आचारी, आणि सगळे एका कोटात, अशी वस्ती बघितली नाही. मूळ ताडबन म्हणजे ही तिन्ही मिळून एक संस्था आहे, असा अहवाल मी लिहिलाय. पाटी तिन्हींच्या मधोमध लागेल. म्हणजे तुमच्या भिंतीवर. यांनी सांगितलं की कोट इथून गेले, तेव्हा म्हटलं, ही कल्पना ज्याची त्याला भेटून जावं."

मेट्रन, मॅनेजर आणि हेडबाई तिघेही मंद हसले. संस्था एक, म्हणजे अर्थातच आपली, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मेट्रन तर म्हणाल्या, "काउंटरवर हात मी शाबासकीसाठी आपटला. माझी तशी पद्धत आहे."

मास्तरांनी एकदा साहेबांकडे, एकदा भिंतीकडे पाहिलं. "कल्पना... हां. म्हणजे तसं बघायला गेलं तर, धागे उपटताना माझ्या मनात एक विचार..."

"अहो," दारातून बायको म्हणाली.

"नाही, म्हणजे थोडा..."

"अहो, पुरे. सगळ्या वस्तीने ऐकलंय. आणि फोन मी केलाय. रविवारी येऊ नकोस, म्हणून सांगितलं त्याला."

मास्तरांनी खुंटीकडे हात नेला. खुंटी रिकामी होती. चाव्यांचा जुडगा धाकटीच्या कमरेला लटकत होता आणि ती मेट्रनच्या कोटाचं माप घेत होती.

"हात वर, बाई. आणि मालकीण म्हणून सांगते, पुढच्या वेळी खिशावर ताडबन हॉस्पिटल असं पूर्ण लिहून घ्यायचं."

"अशक्य," मेट्रन म्हणाल्या.

"अशक्य," मॅनेजर म्हणाले. हेडबाईंनी तर पाठच फिरवली.

"ठीक आहे," धाकटी म्हणाली. "मग निळा, लाल आणि पिवळा. कोणाला काही बोलायचंय?"

कोणाला काही बोलायचं नव्हतं. मास्तरांनासुद्धा.

सोमवारी सकाळी परगावचा एक माणूस लग्नाचा कोट घेऊन दुकानात आला. भिंतीवरची नवी पितळी पाटी त्याने वाचली, आत डोकावला, आणि टेबलापाशी इस्त्री करत असलेल्या मास्तरांचे पांढरे केस बघून अदबीने म्हणाला, "नमस्कार, मालक. जरा नाजूक कापड आहे. संध्याकाळपर्यंत मिळेल का?"

मास्तरांनी इस्त्री उभी ठेवली. छाती एवढी पुढे आली की सदऱ्याचं वरचं बटण ताणलं गेलं.

"मालकीणबाई आत आहेत. त्या कापड बघतील, मग सांगतील. थांबावं लागेल."

"आणि तुम्ही?"

"मी इथे कामाला आहे," मास्तर म्हणाले. "उगाच कोणालाही ठेवत नाहीत त्या."